बडोद्यात ऑर्किडचं बी: संकर, शेंग, बाटली आणि झाडावरची आमरी

खापरी_कोळसा | १९ मे, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. रास्ना, म्हणजे व्हँडा टेसेलाटा ही आमरी (ऑर्किड), सध्या फुलावर आहे. संकर करायचा किंवा स्वजातीचं बी धरायचं तर हेच दिवस, म्हणून धागा आत्ताच काढते.

आपल्या गच्च्यांवरची बहुतेक डेंड्रोबियम आणि व्हँडा ऊतीसंवर्धनातून आलेली, एकाच छापाची असतात. दुसरीकडे आंब्या-मोहावरची रास्ना मुळासकट ओरबाडून विकायला येते. एका शेंगेत लाखावर बी असू शकतं. ते रुजवायला येऊ लागलं की जंगलातल्या झाडाला हात लावायचं कारणच उरत नाही. इथे फक्त कृती, मापं आणि कुठे काय बिघडतं ते लिहूया.

परागण: फूल उमलून ३ ते ५ दिवस झालेलं घ्या, डेंड्रोबियम असेल तर २ ते ३ दिवस. सकाळी ८ च्या आत काम उरका. फुलाच्या मध्यावर जो स्तंभ असतो, त्याच्या टोकाशी एक पांढरी टोपी दिसते. ती टूथपिकने खालून वर हलकेच उचला, की पिवळे परागगोळे बाहेर येतात. व्हँडाच्या गोळ्यांना देठ आणि चिकट चकती असते, त्यामुळे ते काडीला आपोआप लागतात. डेंड्रोबियमला ही चकती नसते, म्हणून काडीचं टोक आधी त्याच फुलाच्या कुक्षीतल्या चिकट रसात बुडवून घ्या. कुक्षी म्हणजे टोपीच्या खालची ओलसर खळगी. आई म्हणून निवडलेल्या फुलाचे स्वतःचे परागगोळे आधी काढून टाका, मग बाहेरचे गोळे खळगीत टेकवा. शेवटी त्या फुलाचा ओठ कापून टाका, म्हणजे माशी-भुंगा बसणार नाही.

चिठ्ठी तिथल्या तिथे बांधा: आईचं नाव आधी, मग गुणिले, मग बापाचं नाव, खाली तारीख. शाईचं पेन उन्हात पांढरं पडतं, शिसपेन्सिल टिकते. एका झाडावर एकच शेंग ठेवा, झाड फारच दणकट असेल तर दोन.

---

निंबोणी | १९ मे, रात्री १०.३५

ताई, एक अडलंय. गेल्या सप्टेंबरात डेंड्रोबियमवर चार फुलांना पराग लावले. चारही अंडाशय फुगले आणि पाचव्या-सहाव्या आठवड्यात देठाशी पिवळे होऊन गळाले. चारही वेळा पराग त्याच झाडाचे होते. पाणी-खत व्यवस्थित होतं.

---

खापरी_कोळसा | २० मे, सकाळी ७.५०

निंबोणी, अंडाशय फुगला म्हणजे बी धरलं असं समजायचं नाही. ऑर्किडमध्ये परागण झाल्यावरच अंडाशयात बीजांडं तयार व्हायला लागतात, आणि खरं फलन त्यानंतर बऱ्याच आठवड्यांनी होतं. फॅलेनॉप्सिसला तर दोन महिने लागतात. पराग पडल्यामुळे अंडाशय फुगतो, ते नुसतं संप्रेरकांचं काम असतं. फलन झालं नाही तर झाड शेंग टाकून देतं, आणि ते नेमकं पाचव्या ते नवव्या आठवड्यात दिसतं.

तुमच्या बाबतीत पहिला संशय स्वपरागणाचा. अनेक डेंड्रोबियम स्वतःचे पराग स्वीकारत नाहीत. शिवाय बाजारातली संकरित झाडं बरेचदा त्रिगुणित, म्हणजे गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असलेली असतात, आणि ती आई म्हणूनही वांझ आणि बाप म्हणूनही वांझ. दुसऱ्या नावाच्या, वेगळ्या रंगाच्या झाडाचे पराग वापरून बघा. त्यानेही गळालं तर ते झाड आई म्हणून सोडून द्या.

---

हिरवी_शेंग | २० मे, दुपारी १.१५

त्रिगुणिताचं थोडं सविस्तर सांगतो, कारण यात माणसाची तीन-तीन वर्षं वाया जातात.

व्हँडा, फॅलेनॉप्सिस आणि बहुतेक डेंड्रोबियमच्या मूळ जातींत गुणसूत्रं ३८ असतात (काही डेंड्रोबियममध्ये ४०). मोठ्या फुलांची पांढरी फॅलेनॉप्सिस बहुतेक चतुर्गुणित, म्हणजे ७६ ची. अशा झाडाचा मूळ जातीशी संकर केला तर रोपं ५७ ची होतात. ती जोमदार वाढतात, फुलतातही छान, पण पुढे बी धरत नाहीत, कारण ५७ ची दोन सारखी वाटणी होत नाही. म्हणून संकर ठरवताना विचारायचं ते हे, की ही मुलं कुंडीत शोभेसाठी हवीत की पुढच्या पिढीचे आईबाप म्हणून हवीत? शोभेसाठी असतील तर त्रिगुणित चालतं. पुढची पिढी हवी असेल तर द्विगुणित गुणिले द्विगुणित, किंवा चतुर्गुणित गुणिले चतुर्गुणित.

दुसरी चूक आकाराची. मोठ्या फुलाला लांब स्तंभ असतो आणि त्याच्या परागनळीला लांब वाढायची सवय असते. छोट्या फुलाचे पराग मोठ्या फुलावर लावले तर नळी अंडाशयाच्या तळापर्यंत पोहोचत नाही, वरच्या टोकाला चार बिया धरतात आणि खाली भुसा. उलट करा, छोट्या फुलाची आई आणि मोठ्याचा बाप.

---

गच्ची_मांजलपूर | २० मे, रात्री ९.००

बडोद्याच्या हवेला कोणते आईबाप घ्यावेत? मे महिन्यात ४२-४३ अंश आणि जानेवारीत पहाटे १०-१२ हे धरून सांगा.

---

हिरवी_शेंग | २१ मे, सकाळी ६.४०

रास्ना आपल्याकडचा उन्हाळा आणि हिवाळा दोन्ही सोसते, आणि सुवास देते. तिचा दोष एवढाच की तिचा ऑलिव्ह-तपकिरी रंग मुलांत उतरतो आणि निळ्या-गुलाबीचा चिखल करतो. म्हणून पहिल्या पिढीत सुंदर रंगाची अपेक्षा धरू नका. पन्नास रोपं फुलवा, त्यांतली तीन ठेवा, ती परत चांगल्या रंगाच्या झाडाशी जोडा. व्हँडात बी ते फूल ४ ते ६ वर्षं लागतात, डेंड्रोबियममध्ये अडीच ते तीन.

निळी व्हँडा सीरुलिया ही खासी टेकड्या आणि ईशान्येकडची, उंचावरची आणि थंडीची. तिच्या थेट मुलांना आपला मे जड जातो. फिलिपिन्सची सँडेरियाना उलट, सखल भागातली. १५ अंशांखाली गेली की खालची पानं टाकते. या दोघींचा संकर १९३१ साली नोंदला गेला, व्हँडा रॉथशिल्डियाना, आणि आजच्या निळ्या-जांभळ्या व्हँडांच्या वंशावळीत तो सारखा भेटतो.

डेंड्रोबियममध्ये उत्तर ऑस्ट्रेलियाच्या बिगिबमचा वंश घ्या. बाजारात फॅलेनॉप्सिस-प्रकार म्हणून मिळतात ती हीच. खऱ्या फॅलेनॉप्सिसला मात्र फुलाचा दांडा यायला काही आठवडे गारवा लागतो. तो आपल्याकडे नोव्हेंबर-डिसेंबरात फुकट मिळतो, पण मे महिन्यात तिला घरात घ्यावं लागतं.

आणखी एक: सीतेची वेणी, ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा. हिचा व्हँडाशी संकर होतो, त्याला व्हँडाकोस्टायलिस म्हणतात. लोंबता, भरगच्च तुरा हवा असेल तर ही आई उत्तम.

---

काचपेटी | २३ मे, रात्री ११.२०

रास्ना आत्ता फुललेली आणि डेंड्रोबियम बहरणार सप्टेंबरात, किंवा दोन व्हँडा दीड महिन्याच्या अंतराने फुलणार, अशा वेळी पराग साठवा. गोळे काढून पेपर नॅपकिनवर सावलीत ४-५ तास ठेवा, बटर पेपरच्या छोट्या पुडीत बांधा, पुडी घट्ट झाकणाच्या बाटलीत, तळाला चमचाभर निळी सिलिका जेल. फ्रीजच्या भाजीच्या खणात नको, मधल्या कप्प्यात, ४-५ अंशांवर. काही महिने चालतात. जेल गुलाबी झाली की बदला. बाहेर काढल्यावर बाटली खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका. नाहीतर आत दव धरतं आणि गोळे काळे पडतात.

---

निंबोणी | २ जून, संध्याकाळी ६.३०

शेंग किती दिवसांनी काढायची? फुटेपर्यंत थांबायचं का?

---

काचपेटी | २ जून, रात्री १०.०५

फुटू देऊ नका. हिरव्या बंद शेंगेच्या आत बी निर्जंतुकच असतं. शेंग फुटली की हवेतली बुरशी आत शिरते आणि मग प्रत्येक बी धुवत बसावं लागतं.

आपल्या हवेत साधारण हिशोब असा धरा. डेंड्रोबियम १०० ते १२० दिवस, फॅलेनॉप्सिस १२० ते १५०, कॅटलिया १२० ते १५०, व्हँडा आणि सीतेची वेणी १५० ते १८०. खूप लवकर काढली तर बी पांढरं, ओलं आणि धाग्यांना चिकटलेलं निघतं, ते रुजत नाही. वेळेवर काढलेल्या शेंगेतलं बी मलईच्या रंगाचं आणि सुटं होऊ लागलेलं असतं. शेंगेच्या कण्यांवरची चकाकी गेली आणि टोकाशी किंचित पिवळट झाक आली की आणखी आठवडाभरही थांबू नका.

---

काचपेटी | ३ जून, रात्री ९.४५

आता बाटलीतलं माध्यम. आधी हे का लागतं ते सांगतो, म्हणजे मापांमागचं कारण कळेल. ऑर्किडच्या बीला इतर बियांसारखा अन्नाचा साठा नसतो. निसर्गात एक बुरशी त्या बीत शिरते आणि त्याला अन्न पुरवते. हे नोएल बर्नार यांनी १८९९ साली ओळखलं. १९२२ मध्ये लुईस नडसन यांनी दाखवलं की बुरशीऐवजी साखर आणि क्षार दिले तरी बी रुजतं. त्यांचं 'नडसन सी' नावाचं माध्यम घरी करायला सगळ्यात सोपं.

१ लिटरसाठी: कॅल्शियम नायट्रेट १ ग्रॅम, अमोनियम सल्फेट ०.५ ग्रॅम, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ०.२५ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ०.२५ ग्रॅम, फेरस सल्फेट २५ मिलिग्रॅम, मँगनीज सल्फेट ७.५ मिलिग्रॅम, साखर २० ग्रॅम, आगर ८ ग्रॅम. पाणी डिस्टिल्ड किंवा आरओचं.

२५ आणि ७.५ मिलिग्रॅम घरच्या काट्यावर मोजता येत नाहीत. म्हणून २५० मिलिग्रॅम फेरस सल्फेट १०० मिली पाण्यात विरघळवा आणि त्यातलं १० मिली घ्या. मँगनीजचं ७५ मिलिग्रॅम दुसऱ्या १०० मिलीत, त्यातलंही १० मिली. लोखंडाचं पाणी तांबूस झालं की फेका.

क्षार एकेक करून टाका, आधीचा पूर्ण विरघळल्यावर पुढचा. सगळे थोड्या पाण्यात एकदम घातले तर कॅल्शियम फॉस्फेट-सल्फेटशी धरून खाली पांढरा गाळ बसतो, आणि तो गाळ म्हणजे रोपांच्या तोंडचा घास. शेतीच्या दुकानातलं कॅल्शियम नायट्रेट घेऊ नका, त्यात अमोनियमही असतं. प्रयोगशाळेच्या दर्जाचं घ्या.

पीएच ५.२ ते ५.४. आगर घालण्यापूर्वी बघा. ५ च्या खाली गेला तर आगर धरत नाही, बाटलीत कांजी राहते. ६ च्या वर गेला तर लोह आणि फॉस्फेट अडकून पडतात.

पेरणीच्या बाटलीत केळं, नारळपाणी काही नको. ते पुढे, पहिल्या बदलीच्या वेळी, म्हणजे रोपं नव्या बाटलीत हलवताना: सोललेलं पिकं केळं ६० ग्रॅम वाटून, शहाळ्याचं पाणी १०० मिली, सक्रिय कोळशाची पूड १ ग्रॅम. केळं घातल्यावर पीएच पुन्हा बघा.

---

गच्ची_मांजलपूर | ४ जून, सकाळी ८.१०

घरचा कुकर चालेल?

---

काचपेटी | ४ जून, सकाळी ९.००

चालतो. घरच्या कुकरचा दाब साधारण एक किलो, म्हणजे १५ पौंडच असतो. पण शिट्टी आधी लावू नका. तोटीतून वाफेची सलग धार २-३ मिनिटं जाऊ द्या म्हणजे आतली हवा निघते, मग शिट्टी. पहिल्या शिट्टीनंतर आच मंद करून २० मिनिटं. शिट्टी उचलून दाब सोडायचा नाही, नाहीतर बाटल्यांतलं माध्यम उकळून झाकणाला लागतं आणि त्याच वाटेने पुढे बुरशी येते.

२००-२५० मिलीच्या बाटलीत ४० ते ५० मिली माध्यम पुरे. झाकण अर्धा आटा सैल, वर अॅल्युमिनियम फॉइल. थंड झाल्यावर घट्ट करा आणि पेरणीआधी बाटल्या ७ दिवस नुसत्या ठेवा. त्यांतली एखादी ढवळली तर बी वाचलं असं समजा.

---

खापरी_कोळसा | ४ जून, सकाळी ९.४०

काचपेटी, पेटी आणि स्पिरिट यांच्याबद्दल लिहाल का? तिथे धोका आहे, तो नीट लिहिलेला हवा.

---

काचपेटी | ४ जून, रात्री १०.३०

हो, हे ठळक वाचा. बंद पेटीत स्पिरिट फवारल्यावर दिवा किंवा लायटर लावायचा नाही. वाफ साचते आणि भडका उडतो, आणि हात आतच असतात. पेटी वापरणार असाल तर ज्योत पूर्ण वर्ज्य.

पेटी म्हणजे पारदर्शक प्लास्टिकची मोठी डबी उलटी करून बाजूला हात घालायला दोन भोकं. पंखा, कूलर, एसी तासभर आधी बंद. आत ७० टक्के आयसोप्रोपिल फवारा, पंधरा मिनिटं धूळ बसू द्या.

शेंगेच्या टोकाला सुकलेल्या फुलाचा उरलेला भाग असतो, तो आधी कापून टाका. सगळी घाण तिथेच असते. साबण आणि जुन्या मऊ टूथब्रशने शेंग घासा, वाहत्या पाण्याखाली धुवा. घरगुती ब्लीच साधारण ४ टक्क्यांचं असतं. त्याचा १ भाग आणि पाणी ३ भाग, दोन थेंब भांड्यांचा साबण, त्यात २० मिनिटं. मग पेटीत नेऊन ७० टक्के स्पिरिटमध्ये १ मिनिट. उकळलेल्या पाण्याने धुवायची गरज नाही, स्पिरिट उडून जाऊ द्या. नव्या सर्जिकल ब्लेडने शेंगेचं एक टोक कापा, मग उभी चीर.

एका बाटलीत मोहरीच्या दाण्याएवढंच बी. हे सांगूनही सगळे चिमूटभर टाकतात, आणि मग दोन महिन्यांनी हिरवी गोधडी होते, जी सोडवताना निम्मी रोपं मोडतात. वर १ मिली निर्जंतुक पाणी टाकून बाटली फिरवली की बी सारखं पसरतं.

---

निंबोणी | १४ जुलै, रात्री ८.२०

पहिल्या सहा बाटल्या केल्या. एका शेजाऱ्यांकडे डेंड्रोबियमची शेंग होती, ११२ दिवसांची. चार स्वच्छ आहेत. एकीत चौथ्या दिवशी पांढरी बुरशी, एकीत दुधासारखा चिकट डाग. चूक कुठे झाली ते कसं ओळखायचं?

---

काचपेटी | १४ जुलै, रात्री ९.१५

बुरशी कुठे उगवली ते बघा. बियांच्या पुंजक्याभोवती असेल तर शेंग नीट धुतली गेली नव्हती. काठाशी किंवा रिकाम्या जागी एकाकी ठिपका असेल तर हवेतून पडली. झाकणाच्या आतून खाली उतरत असेल तर झाकण किंवा उकळून आलेलं माध्यम. सगळ्या बाटल्यांत एकाच दिवशी आली असती तर कुकर कमी पडला. दुधी, चिकट, वास येणारा डाग म्हणजे जिवाणू, आणि तो बहुधा हातातून किंवा चिमट्यातून आलेला असतो.

बिघडलेली बाटली घरात उघडू नका. तशीच कुकरमध्ये घालून मग धुवा.

चार चांगल्या बाटल्या २५ ते २७ अंशांवर, ट्यूबलाइटखाली १२ ते १४ तास, खिडकीच्या उन्हात नाही. डेंड्रोबियमचं बी दोन-तीन आठवड्यांत फुगतं, ४ ते ८ आठवड्यांत हिरवे गोळे दिसतात. व्हँडाला त्याहून उशीर लागतो. पहिल्या पानाचं टोक २-३ मिलिमीटर झालं की केळं-कोळशाच्या बाटलीत बदली. माध्यम तपकिरी पडू लागलं तर त्याआधीच हलवा. ते तपकिरी द्रव्य रोपांतूनच निघतं आणि रोपांनाच मारतं.

---

रावपुरा_रोप | ३ ऑगस्ट, सकाळी १०.००

मला संवर्धनाच्या बाजूने एक सुचवायचंय. रास्नाचा थाई व्हँडांशी संकर करून ती रोपं पावागडच्या बाजूला, रस्त्याकडेच्या आंब्यांवर बांधली तर? फुलंही मोठी आणि झाडंही वाढतील.

---

खापरी_कोळसा | ३ ऑगस्ट, दुपारी १२.२५

रावपुरा, भावना समजते, पण हे करू नका. तीन कारणं आहेत आणि तिन्ही गंभीर.

संकरित व्हँडा बाहेर फुलली की तिचे पराग तिथल्या रास्नाला लागणार. रास्नाचं शेंगेतलं बी मग शुद्ध राहणार नाही, आणि ते परत गोळा करून आणता येत नाही. दुसरं, गच्चीवरच्या झाडांत सिंबिडियम मोझॅक आणि ओडोंटोग्लॉसम रिंगस्पॉट हे विषाणू सर्रास असतात, वरून काही दिसतही नाही. ते कात्रीवरच्या रसातून पसरतात. बाटलीतली रोपं बहुतेक स्वच्छ असतात, कारण बीमधून हे विषाणू सहसा जात नाहीत. पण गच्चीवर वर्षभर राहिली की त्यांना लागण होऊ शकते. तिसरं म्हणजे जंगलात झाड नेणं किंवा आणणं, दोन्ही वनखात्याच्या परवानगीशिवाय होत नाही.

घराच्या अंगणातल्या, गच्चीलगतच्या झाडावर संकरित रोपं खुशाल बांधा. जंगलाच्या जवळ शुद्ध जातही आपल्या मनाने लावायची नाही, कारण तुमच्या रोपांच्या आईबापांचा डोंगर कुठला आणि तो डोंगर कुठला.

---

हिरवी_शेंग | ३ ऑगस्ट, रात्री ९.३०

खापरी_कोळसांशी पूर्ण सहमत. शुद्ध जात राखायची रीत शोभेच्या संकराच्या अगदी उलटी आहे, म्हणून तिचे नियम वेगळे ठेवले पाहिजेत. शोभेसाठी आपण पन्नासातली तीन निवडतो. जात राखताना निवडायचंच नाही. सुंदर तेवढी ठेवली की दोन पिढ्यांत विविधता संपते.

एकाच झाडाचं स्वपरागण टाळा. एकाच ठिकाणाहून, कायदेशीर मार्गाने आलेली वेगवेगळी झाडं एकमेकांशी जोडा, जितकी जास्त तितकं बरं. प्रत्येक शेंगेतून सारखीच रोपं पुढे न्या, जोमदार शेंगेचीच जास्त नेऊ नका. वहीत प्रत्येक आईला क्रमांक, मूळ ठिकाण, कुणाकडून कधी आली ते. ज्या झाडाचं मूळ माहीत नाही ते सुंदर असलं तरी संवर्धनाच्या वहीत घ्यायचं नाही, शोभेच्या वहीत घ्या.

बी साठवायचं असेल तर एक शेंग झाडावरच पिवळी होऊ द्या. फुटायच्या बेतात कागदात बांधून काढा, ५-७ दिवस सावलीत, चहाच्या गाळणीतून गाळा, सिलिका जेलच्या बाटलीत सुकवा आणि फ्रीजमध्ये ५ अंशांवर ठेवा. दर वर्षी त्यातलं चिमटीचा चौथा भाग पेरून उगवण बघा आणि वहीत लिहा.

---

रावपुरा_रोप | ४ ऑगस्ट, सकाळी ७.३०

पटलं. मग विचार बदलतो, अंगणातल्या आंब्यावर शुद्ध रास्नाची बाटलीतली रोपं बांधायची. कोणत्या बाजूला? आणि कायद्याचं नेमकं काय?

---

खापरी_कोळसा | ४ ऑगस्ट, सकाळी ९.१५

खोडाच्या उत्तर किंवा पूर्व अंगाला, पहिल्या फांदीच्या बेचक्याजवळ. आंबा, मोह, जांभूळ यांची साल खडबडीत आणि टिकाऊ, ती चालते. पेरू, निलगिरी, अर्जुन नको. साल सोलून निघते आणि रोपही जातं. सुती दोऱ्याने बांधा, नायलॉन नको. मुळांवर मॉसचा जाड गोळा करू नका, पावसाळ्यात सडतो. बांधायची वेळ जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात, म्हणजे ऑक्टोबरपर्यंत मुळं साल धरतात. आंब्याला काही होईल ही भीती नको. बांडगुळासारखी ही परोपजीवी नाही, नुसती बसायला जागा घेते.

कायद्याचं थोडक्यात: सगळी ऑर्किड साइटिस, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या यादीत आहेत, बहुतेक दुसऱ्या परिशिष्टात, पॅफिओपेडिलमच्या जाती पहिल्या. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यात निळी व्हँडा, लाल व्हँडा म्हणजे रेनँथेरा इम्शूटियाना, आणि पॅफिओपेडिलम या विशेष संरक्षित. २०२२ च्या दुरुस्तीनंतर या वनस्पती तिसऱ्या अनुसूचीत आहेत. त्यांची लागवड आणि विक्री परवान्याशिवाय करता येत नाही. विक्रेत्याकडे लागवडीचा कागद नसेल तर घेऊ नका. झाड जंगलातलं आहे का हे मुळांवरूनही कळतं: सालीचे तुकडे चिकटलेली, तुटलेली जाड मुळं आणि वेड्यावाकड्या वयाची पानं म्हणजे ओरबाडलेलं.

---

गच्ची_मांजलपूर | २२ सप्टेंबर, रात्री १०.४०

बाटलीतून बाहेर काढण्याचं कुणी लिहिलं नाही. डेंड्रोबियमच्या बाटल्या भरत आल्यात, रोपांना तीन-तीन पानं आहेत.

---

काचपेटी | २३ सप्टेंबर, सकाळी ८.००

मुळं १ ते दीड सेंटिमीटरची दोन-तीन आहेत का बघा. नसतील तर थांबा. असतील तर याच आठवड्यात काढा, दमट हवेचे शेवटचे दिवस आहेत. ऑक्टोबर कडक आणि कोरडा गेला तर रोपं सुकतील. यंदा जमलं नाही तर सरळ एक बदली करून जूनपर्यंत बाटलीतच ठेवा. डिसेंबर-जानेवारीत काढलेली रोपं बसून राहतात, आणि एप्रिल-मेमध्ये काढलेली चार दिवसांत कोमेजतात.

कोमट पाण्यात बाटली बुडवा, आगर मऊ झालं की रोपं हलकेच बाहेर. आगरचा कणही मुळांना राहू देऊ नका, त्यात साखर आहे आणि बुरशी तिथूनच चढते. कार्बेन्डाझिम (बुरशीनाशक) १ ग्रॅम प्रति लिटर, त्यात ५ मिनिटं. मग आकाराप्रमाणे वेगळी करा. मोठी-छोटी एकत्र लावली तर छोटी दबतात. ४ इंची कुंडीत २० ते २५ रोपं, खाली खापरी, वर ५-८ मिलिमीटरचे लोणारी कोळशाचे आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे. सोडण आधी तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून घ्या, त्यातलं मीठ आणि टॅनिन निघायला हवं.

पहिले दोन आठवडे पारदर्शक डब्याखाली, रोज झाकण थोडं जास्त उघडत जा. ७५ टक्क्यांच्या जाळीखाली. खत तीन आठवड्यांनी, १९:१९:१९ फक्त पाव ग्रॅम प्रति लिटर, आठवड्याला एकदा. मोठी झाली की अर्धा ग्रॅम.

---

निंबोणी | २३ सप्टेंबर, दुपारी २.३०

पाणी कुठलं? आमच्याकडे पालिकेचं आणि सोसायटीच्या बोअरचं मिसळून येतं.

---

खापरी_कोळसा | २३ सप्टेंबर, संध्याकाळी ७.१०

टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं यंत्र घ्या, त्याशिवाय ऑर्किड पाळूच नयेत. पिल्लांसाठी १५० च्या आत, मोठ्यांसाठी २०० च्या आत. आजवा तलावाचं, मही नदीचं पाणी आणि बोअर यांचा आकडा टाकीटाकीला वेगळा, म्हणून अंदाजाने चालू नका. जास्त असेल तर आरओच्या पाण्यात मिसळून खाली आणा. पावसाचं पाणी साठवता आलं तर त्याला तोड नाही, फक्त पहिल्या दोन सरींचं गच्चीची धूळ वाहून जाऊ द्या. कठीण पाण्याची खूण म्हणजे मुळांवर आणि खापरीवर पांढरी पुटं, आणि मुळांची हिरवी टोकं काळी पडणं.

---

हिरवी_शेंग | २७ ऑक्टोबर, सकाळी ६.१५

२० मे रोजी परागण केलेल्या रास्नाच्या शेंगांना आज १६० दिवस झाले. ज्यांनी त्या आठवड्यात पराग लावले त्यांनी आता रोज शेंग बघा. कण्यांवरची चकाकी जाऊ लागली असेल तर बाटल्या आजच उकडून ठेवा, म्हणजे ७ दिवसांची पारख होऊन पेरणी पहिल्या आठवड्यात येईल. व्हँडाच्या रोपांना बाटलीत दीड वर्ष धरा. म्हणजे ही रोपं पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या जूनमध्ये बाहेर निघतील आणि थेट पावसाळा मिळेल.

---

रावपुरा_रोप | २७ ऑक्टोबर, रात्री ९.५०

माझ्या दोन शेंगा आहेत, दोन्हींच्या आया वेगळ्या आणि बाप तिसरा, सगळी एकाच रोपवाटिकेतून बिलासकट घेतलेली. एका शेंगेचं टोक पिवळट वाटतंय.

---

काचपेटी | २७ ऑक्टोबर, रात्री १०.१०

ती आजच काढा, उद्याची वाट बघू नका. फुलाचा सुकलेला भाग कापून, कोरड्या कागदात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवा. तोवर नडसनच्या दहा बाटल्या करा, आणि प्रत्येक झाकणावर दोन्ही क्रमांक आणि तारीख पेन्सिलीने लिहा. दुसरी शेंग हिरवी असेल तर झाडावरच राहू द्या. ती सुकवून साठवायच्या बीसाठी ठेवू.

---

रावपुरा_रोप | २७ ऑक्टोबर, रात्री १०.१५

काढली. बारा बाटल्या उकडायला ठेवतोय, दोन राखीव.